कागदावरचा साकव

शैलजा शिळीमकर पंचायत समितीच्या निवडणुकीला दोनदा पडल्या होत्या आणि एकदा अवघ्या एकोणीस मतांनी निवडून आल्या होत्या. पक्ष कायम विरोधात. त्यामुळे भोरला त्यांच्या घरी माणसं यायची ती काम करून घ्यायला नाही, तक्रार सांगायला. कुणाचं रेशन बंद झालेलं, कुणाची विहीर कागदावर आणि रानात नुसतं गवत. ताई सगळं ऐकून घ्यायच्या, माहितीच्या अधिकारात अर्ज लिहायच्या आणि पोच हातात पडल्याशिवाय कचेरीतून हलायच्या नाहीत. त्यांचे यजमान रघुवीर कॉलेजात ग्रंथपाल होते. बायकोच्या फायलींना तेच क्रमांक घालून द्यायचे. निवडणुकीबद्दल मात्र त्यांनी विचारणं सोडून दिलं होतं.

ताईंच्या बरोबर फिरायचे ते नाना. एसटीत एकतीस वर्षं कंडक्टर होते, घर नसरापूरला. भोर आणि वेल्हे, दोन्ही तालुक्यांतल्या वाड्या त्यांना थांब्यांच्या क्रमानं पाठ होत्या. कुठल्या गावात कुणाच्या ओट्यावर बसलं तर खरं कळेल, हे नानांना विचारावं. त्यांच्या मुलाला, अभिषेकला, डिप्लोमाला प्रवेश मिळेना तेव्हा ताई स्वतः पुण्याला जाऊन दिवसभर रांगेत उभ्या राहिल्या होत्या. तेव्हापासून तो त्यांना काकू म्हणायचा. आता तो एका सरकारी बांधकाम कचेरीत कंत्राटी इंजिनिअर होता, लग्न झालं होतं, मुलगी दोन वर्षांची होती.

दिवाळी झाल्यावर एके सकाळी सरूबाई आली. पासलीच्या पुढं, डोंगराच्या पोटात झरवंडी नावाची बारा-चौदा घरांची वाडी आहे, तिथली. दोन एसट्या बदलून आली होती.

"जय भीम, ताई," म्हणून ती खुर्चीवर न बसता भिंतीला टेकून उभीच राहिली. ताईंनी दोनदा सांगितल्यावर बसली.

"आमच्या वाडीला साकव हाय म्हनं," ती म्हणाली. "वढ्यावर बारका पूल द्या म्हनून मागायला गेलो, तर साहेब म्हनला, तुमाला दिल्येला हाय की. दोन वर्सं झाली. आमी तितंच ऱ्हातो ताई. आमाला कुनालाच कसा दिसला न्हाई?"

"कुणाला विचारलंत?"

"ज्याला त्याला इचारलं. समदे म्हनत्यात, कागदावर हाय."

मग तिनं सुनेचं सांगितलं. आवाज जरासुद्धा न चढवता. सुनेचं नाव रत्ना. श्रावणात दिवस भरले, पहाटे कळा सुरू झाल्या. चौघांनी घोंगडीच्या झोळीत घालून ओढ्यापर्यंत आणली. ओढा दोन्ही काठ धरून चालला होता. पलीकडे दवाखान्याची गाडी येऊन उभी राहिली.

"डायवर पल्याडनं हात करत व्हता, थांबा, थांबा. आमी थांबलो. दुसरं काय करनार? दुपारपातूर थांबलो. पानी उतरंना. म्या तिचं डोस्कं मांडीवर घ्येतलं व्हतं. बाळ आडवं आलं व्हतं. आदी ती गेली का आदी त्ये गेलं, मला कळलं न्हाई."

नाना खिडकीपाशी बसले होते. ते उठून बाहेर गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत.

ताईंनी त्याच दिवशी अर्ज केला. तीस दिवसांत उत्तर आलं नाही म्हणून अपील केलं. पौषात नकला मिळाल्या. घरच्या टेबलावर ताई आणि नाना पानं उलटत बसले. मंजुरी होती, मोजमापं होती, काम पूर्ण झाल्याचा दाखला होता. ठेकेदार म्हणून गेनूशेठचं नाव होतं. गेनूशेठ म्हणजे खडी क्रशरवाला; भागातली निम्मी सरकारी कामं त्याचीच. आणि एका पानावर पूर्ण झालेल्या साकवाचा रंगीत फोटो.

नानांनी फोटो डोळ्यांजवळ नेला आणि हसायला लागले. "ताई, ह्यो गडाकडं जानाऱ्या पालीच्या वाटंवरचा पूल हाय! ही बगा, कडंला ट्रेकची पोरं सॅक घिऊन बसल्यात. झरवंडीला कुठली आली ही पोरं? सापडले की चोर!"

ताईही हसल्या आणि त्यांनी पान उलटलं. दाखल्याखाली सही होती. सहीखाली शिक्का, शिक्क्यात नाव. स्थळपाहणी करून काम पूर्ण असल्याची खात्री केली, असं म्हणणाऱ्याचं. ते नाव अभिषेकचं होतं.

नाना चष्मा पुसत होते. ताईंनी फाईल मिटली. "उरलेलं उद्या बघू," म्हणाल्या.

त्यांनी अभिषेकला बोलावून घेतलं. तो आला, पाणी प्यायला, फाईल बघितली आणि खाली बसला.

"झरवंडी कुठंय, हे मला तेव्हा माहीतही नव्हतं, काकू."

"मग सही कशी केलीस?"

"नोकरीला लागून चार महिने झाले होते. साहेबांनी गाडीत बोलावलं. मांडीवर अकरा कागद ठेवले. म्हणाले, पाहणी मी केलीय, तू सह्या कर, कचेरीत सगळे असेच शिकतात. पुढच्या सीटवर गेनूशेठ बसला होता. माझी ऑर्डर अकरा महिन्यांची असते. नवी कोण देणार? साहेबच देणार."

"त्या साकवापायी एक बाळंतीण मेलीय. हे सगळं लिहून दे. तू स्वतः पुढं आलास तर साक्षीदार होशील. नाहीतर आरोपी होशील. अभी, मी कायद्याचं सांगतेय तुला."

"लिहून दिलं तर नोकरी आजच जाईल."

"ती तशीही जाईल."

"गायत्रीशी बोलतो," तो म्हणाला. उंबऱ्यापाशी थांबून त्यानं विचारलं, "वारली त्या बाईचं नाव काय होतं?"

"रत्ना."

तो गेला. ताईंनी आठवडाभर वाट पाहिली. त्यानं फोन उचलला नाही.

आता नानांना सांगणं भाग होतं. वेल्ह्याहून परत येताना मार्गासनीच्या थांब्यावर एसटी बराच वेळ उभी होती. तिथं ताईंनी सांगितलं. नाना समोरच्या सीटच्या दांडीला धरून बसले होते. त्यांनी दांडी सोडली नाही.

"तुमाला कदी कळलं?"

"फोटो बघितला त्या दिवशी."

"म्हंजी म्या हसत व्हतो तवा."

"हो."

गाडी सुटली. नसरापूर यायला आलं तेव्हा नाना म्हणाले, "ताई, एकतीस वर्सं म्या एक तिकीट कमी फाडलं न्हाई. पोराला सांगायचं राहूनच गेलं बगा. वाटायचं, आपलं बगून शिकंल."

"मोर्चात नाव गाळून बोलता येईल, नाना. 'एक इंजिनिअर' एवढंच म्हणेन."

"आन् दुसऱ्या कुनाचा पोरगा असता तर गाळलं असतं?"

"नाही," ताई म्हणाल्या.

"मग वाचा," नाना म्हणाले आणि उतरून गेले.

माघात वेल्ह्याला मोर्चा झाला. फार नाही, दीड-दोनशे माणसं असतील. झरवंडीची सगळी वाडी उतरली होती, तान्ही पोरंसुद्धा. सरूबाईला ताईंनी माईक दिला. तो तोंडाशी कसा धरायचा तिला कळेना, म्हणून ताईंनीच धरला. ती चारच वाक्यं बोलली. मग ताईंनी फोटो दाखवला, पालीचा पूल सांगितला, गेनूशेठचं नाव घेतलं, साहेबांचं घेतलं आणि शेवटी सही करणाऱ्याचं घेतलं. नाव घेताना त्यांची नजर गर्दीत नानांना शोधत होती. नाना पहिल्याच रांगेत बसले होते, उन्हात, टोपी गुडघ्यावर ठेवून.

दुसऱ्या दिवशी पेपरांत आलं. मोबाईलवर व्हिडिओ फिरला. पंधरा दिवसांत चौकशी लागली. ताईंना बावीस वर्षांत एवढ्या लवकर काही घडल्याचं आठवत नव्हतं. त्यांना आनंद झाला, हे खोटं नाही.

चौकशीचा निष्कर्ष चार ओळींचा होता. प्रत्यक्ष पाहणी न करता खोटा दाखला दिल्याबद्दल कंत्राटी अभियंता दोषी. साहेबांनी खालच्याच्या अहवालावर विश्वास ठेवून प्रतिस्वाक्षरी केली, त्यांना समज देण्यात आली. गेनूशेठनं लिहून दिलं की आपण दाखवलेल्या जागी साकव बांधला, जागा दाखवण्याचं काम इंजिनिअरचं. कुठली जागा, हे त्याला कुणी विचारलं नाही. गुन्हा एकट्या अभिषेकवर दाखल झाला. नऊ दिवस तो कोठडीत होता. जामिनावर सुटून आल्यावर दोन महिने तो घराबाहेर पडला नाही.

नाना त्यानंतरही ताईंच्या बरोबर यायचे. बोलायचे कमी. वाटेत माणसं ओळख द्यायची नाहीत, किंवा मुद्दाम थांबवून विचारायची, "पोराचं काय झालं, नाना?" ते म्हणायचे, "केस चालू हाय." एकदा पाबे घाटात गाडी थांबली असताना ताई म्हणाल्या, "नाना, मी वरिष्ठांकडे लिहिलंय. गेनूशेठला सुटू देणार नाही." नाना म्हणाले, "व्हय," आणि दरीकडे बघत राहिले.

मग जिल्हा परिषदेच्या निवडणुका जाहीर झाल्या आणि जिल्हाध्यक्षांचा फोन आला.

"ताई, एक चांगली बातमी आहे. गेनूशेठ आपल्यात येतायत."

ताईंना वाटलं ऐकण्यात चूक झाली. "कुठं येतायत?"

"पक्षात. रविवारी नसरापूरला प्रवेश आहे. तुम्ही ज्येष्ठ आहात, हार तुमच्या हातून घालू. जुनं सगळं मिटेल."

"मिटेल म्हणजे? ओढ्याच्या काठावर बाळंतीण मेलीय."

"त्याची चौकशी झाली ना? दोषीवर गुन्हा झाला. आणखी काय पाहिजे तुम्हाला? इतकी वर्षं आपण विरोधात बसलोय, ताई. एकदा तरी जिंकायचं की नाही?"

रविवारी ताई गेल्या. मांडव मोठा होता, गर्दी खरोखर होती. स्टेजवरून त्यांचं नाव पुकारलं, तेव्हा त्या खालीच, आपल्या जागेवर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मी हार घालणार नाही. या माणसानं झरवंडीचा साकव खाल्लाय." माईक नव्हता. पुढच्या दोन-तीन रांगांना ऐकू गेलं. स्टेजवर कुणीतरी बँडवाल्यांना खूण केली. ताई मांडवातून बाहेर आल्या, त्यांच्याबरोबर नाना आणि भोरच्या दोन बाया. बाकी कुणी उठलं नाही. पक्षातल्या ज्या पोरांना त्यांनी बोलायला शिकवलं होतं, ती खुर्च्या लावत होती.

त्या अपक्ष उभ्या राहिल्या. पडल्या. गेनूशेठ निवडून आला.

निवडून आल्यावर त्यानं जे केलं, ते ताईंच्या कल्पनेतही नव्हतं. पुढचा माघ सरायच्या आत झरवंडीच्या ओढ्यावर जेसीबी लागला. खरा साकव बांधायला घेतला. ताईंनी लगेच कागद काढले. मंजुरी होती 'झरवंडी येथील अस्तित्वातील साकवाची दुरुस्ती' या नावानं. जो नव्हताच, त्याची दुरुस्ती. पहिला साकव झाला होता हे आता आपोआप खरं ठरत होतं आणि पैसा दुसऱ्यांदा निघत होता. पण या कागदात एक चूक झाली होती. दुरुस्तीचा प्रस्ताव गेनूशेठनं स्वतःच्या सहीनं दिला होता, 'मी पूर्वी बांधलेला साकव' असं लिहून. जागा त्याला माहीत होती. म्हणजे दोष इंजिनिअरचा, हे त्याचं म्हणणं त्याच्याच सहीनं खोटं पडत होतं.

ताईंनी अर्ज लिहायला घेतला. तो दिला की काम थांबणार, जागेचा पंचनामा होणार आणि गेनूशेठ आरोपी होणार. अभिषेक सुटला नसता, पण एकटा राहिला नसता.

बातमी कशी कोण जाणे, दोन्हीकडे पोचली. आधी गायत्री आली, अभिषेकची बायको. मुलगी कडेवर होती.

"काकू, अर्ज कधी देताय?"

"दोन दिवसांत."

"आजच द्या ना. ते रात्रंदिवस भिंतीकडे तोंड करून पडलेले असतात. मामंजी काही बोलत नाहीत. तुम्ही नाव वाचलंत, मी एका शब्दानं बोलले का तुम्हाला? आता हे एवढं करा."

दुसऱ्या दिवशी सरूबाई आली. बरोबर वाडीतली सात-आठ माणसं. सगळी दारातच उभी राहिली.

"ताई, अर्ज करू नगा."

"सरूबाई, त्यानं तुमच्या सुनेला—"

"म्हाईत हाय मला त्यानं काय केलं. माज्या मांडीवर गेली ती." सरूबाई पहिल्यांदाच मोठ्यानं बोलली. "पर खांब उबं ऱ्हायलेत. सळ्या बांदल्यात. तुमी अर्ज द्येला तर काम थांबंल. थांबल्यावर कोन बांदंल? तुमी?"

ताईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"धाकटी सून पोटुशी हाय," सरूबाई म्हणाली. "श्रावनातच दिवस भरत्यात."

त्या रात्री ताईंनी रघुवीरना विचारलं, "काय करू?" ते म्हणाले, "वाट बघ. पावसाआधी साकव होईल. झाला की दुसऱ्या दिवशी अर्ज दे. झालेला पूल कोण पाडत नाही." हे शहाणपणाचं वाटलं. ताईंनी गायत्रीला फोन करून सांगितलं, तीन महिने थांब. पलीकडून फोन नुसता बंद झाला. नाना दुसऱ्या दिवसापासून आले नाहीत.

जूनच्या पहिल्या आठवड्यात साकव पुरा झाला. ताई अर्ज पिशवीत घालून निघाल्या. आधी साकव डोळ्यांनी बघायचा, मग उतरताना कचेरीत अर्ज द्यायचा, असं ठरवलं होतं. पासलीपासून वाडीतल्या एकाच्या मोटारसायकलवर गेल्या. साकव चांगला झाला होता. रुंद, दोन्ही बाजूंना कठडे. तिथं एक माणूस गुडघ्यावर बसून कठड्याच्या कडा तपासत होता. तो अभिषेक होता.

त्यानं उठून हात झटकले. खूप वाळला होता.

"काकू."

"तू इथं?"

"एप्रिलपासून. गेनूशेठकडे सुपरवायझर आहे." मग त्यांच्या चेहऱ्याकडे बघून म्हणाला, "तो स्वतः घरी आला होता. वकील दिला, काम दिलं. गायत्रीचे दागिने आधीच्या वकिलात गेले होते. दुसरं कुणी दार वाजवलं नाही, काकू."

"त्याच्या बदल्यात?"

"कोर्टात कबूल केलं. सगळं माझंच, कुणाचा दबाव नव्हता. पुढच्या महिन्यात निकाल आहे. वकील म्हणतो शिक्षा कमी होईल, पुढं अपील करता येईल."

ताईंचा हात पिशवीवर गेला. "अभी, त्याच्याच सहीचा कागद आहे माझ्याकडे. मी आज देणार होते."

"कोर्टानं विचारलं तर मी म्हणेन, तोही मीच तयार केला." त्यानं हे अगदी साधेपणानं सांगितलं. "नाहीतर गेनूशेठ वकील काढून घेईल आणि घर उघड्यावर येईल. नका देऊ."

"नाना काय म्हणतात?"

"नाना माझ्याशी बोलत नाहीत. तुमचंही नाव काढत नाहीत." मग तो म्हणाला, "काम चांगलं केलंय, काकू. माल कमी घालू दिला नाही मी. भांडलो त्यासाठी. तुम्ही चालून बघा."

ताई चालून पलीकडे गेल्या आणि परत आल्या. खाली ओढ्यात पाणी अजून नव्हतं, नुसते दगड होते. वाडीतून सरूबाई येताना दिसली, हातात चहाची किटली होती. तिनं दोघांना चहा दिला. अभिषेक कोण, हे तिला माहीत असावं. तिनं त्याला कप देताना वर बघितलं नाही, पण साखर पुरे का, एवढं विचारलं.

त्या दिवशी ताई कचेरीवरून तशाच पुढं गेल्या. अर्ज घरी आला. रघुवीरनी तो कुठल्या फाईलला लावायचा म्हणून विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "राहू दे."

जुलैत अभिषेकला दोन वर्षांची शिक्षा झाली. अपील केलं आहे. श्रावणात सरूबाईच्या धाकट्या सुनेला न्यायला गाडी थेट दारापर्यंत गेली आणि मुलगा झाला. बारशाचं निमंत्रण आलं होतं. ताईंनी अंगडं-टोपडं पाठवलं, स्वतः गेल्या नाहीत.

गणपतीच्या आधी त्या एकदा नानांच्या घरी गेल्या. नाना ओट्यावर बसून पेपर वाचत होते. त्यांनी पेपर बाजूला ठेवला, सरकून जागा दिली, गायत्रीला पाणी आणायला सांगितलं. महामार्गावरून ट्रक जात होते, समोर शेअर रिक्षावाला पाशिंजर गोळा करत होता.

"ताई," नाना अखेर म्हणाले, "तुमी नाव वाचलं, त्ये बराबर केलं. थांबला, त्ये बी बराबर केलं. मला समदं पटतंय. पर आता माझ्याच्यानं तुमच्यासंगं फिरनं हुनार न्हाई."

ताईंनी मान हलवली. पाणी प्यायल्या. मग भोरची एसटी आली तशी उठल्या. नाना नेहमीसारखे थांब्यापर्यंत आले नाहीत. घरी पोचल्या तेव्हा ओट्यावर पांगारीकडची दोन माणसं बसली होती, तलाठ्याची तक्रार घेऊन. ताईंनी त्यांना आत घेतलं, चष्मा लावला आणि म्हणाल्या, "सांगा. सुरुवातीपासून सांगा."